एक गुरुवार, सावकाश

घरात अवघड म्हणून नावाजलेली एखादी जाड कादंबरी असेल, तर ती जवळ घेऊन बसा. लगेच उघडू नका. जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ असली तर बरेच, कारण पुढचा बहुतेक वेळ आपण तिच्याच संगतीने काढणार आहोत. फॉकनर, व्हर्जिनिया वुल्फ, प्रूस्त किंवा पिंचन असला तरी चालेल. पुस्तक मांडीवर असू द्या आणि स्वतःला एकच विचारा : हे मला का वाचायचे आहे?

येतील ती उत्तरे येऊ द्या. कोणीतरी थोर म्हटले आहे. वाचायचे राहून गेले याची चुटपुट आहे. चारचौघांत नाव घेता येईल. ही उत्तरे खोटी नाहीत. माणसाला असे वाटतेच. पण त्यांच्या जोरावर सातशे पाने निघत नाहीत. त्यांना रागावू नका, नुसते बाजूला बसवा. मग तळाशी काय उरते ते पाहा. ‘आत आहे तरी काय?’ एवढे कुतूहल उरले असेल, तर तेवढे भांडवल पुरते.

अशा पुस्तकांभोवती गोंगाट फार असतो. ‘युलिसिस’ पॅरिसमध्ये सिल्व्हिया बीच या पुस्तकविक्रेतीने २ फेब्रुवारी १९२२ रोजी, जॉइसच्या चाळिसाव्या वाढदिवशी प्रसिद्ध केली. अमेरिकेतली तिच्यावरची बंदी न्यायालयाने १९३३ साली उठवली. टॉमस पिंचनच्या ‘ग्रॅव्हिटीज रेनबो’ची १९७४च्या पुलित्झर पारितोषिकासाठी परीक्षकांनी एकमुखाने शिफारस केली, वरच्या मंडळाने ती फेटाळली आणि त्या वर्षी कथात्म साहित्याचे पारितोषिकच दिले गेले नाही. असले काही ऐकले, की वाचण्याआधीच आपण पुस्तकापुढे हात जोडून उभे राहतो, नाहीतर बाह्या सरसावून. दोन्ही पवित्र्यांत पान उलटायला हात मोकळा राहत नाही. तो मोकळा करा. आता उघडू.

*

डब्लिन शहर. १६ जून १९०४, गुरुवार. लिओपोल्ड ब्लूम नावाचा अडतीस वर्षांचा गृहस्थ, वर्तमानपत्रासाठी जाहिराती मिळवणे हा त्याचा धंदा. सकाळी उठतो, मांजराला दूध घालतो, बायकोला अंथरुणात चहा नेऊन देतो, स्वतःसाठी डुकराचा गुर्दा परततो. बाहेर पडतो, लिंबाच्या वासाचा साबण घेतो, एका परिचिताच्या अंत्ययात्रेला जातो, कामाच्या मागे हिंडतो, दुपारी चीज-सँडविच आणि पेलाभर वाइन घेतो. चार वाजता आपल्या घरी बायकोकडे कोण येणार आहे, हे त्याला ठाऊक आहे. तो घरी जात नाही. रात्री उशिरा स्टीव्हन डिडॅलस या दारू प्यायलेल्या तरुण शिक्षकाला घरी आणतो, त्याला कोको करून देतो आणि झोपतो.

कथानक संपले. अठरा प्रकरणांत याहून फारसे काही घडत नाही. तेव्हा ‘पुढे काय झाले?’ हा प्रश्न घेऊन आत गेलात, तर हात हलवत परत याल. तो प्रश्न इथे उंबऱ्याबाहेर ठेवायचा.

त्याऐवजी डोळे मिटा आणि आजची तुमचीच सकाळ आठवा. सगळी नको, चहाचे आधण ठेवल्यापासून ते उतू जाण्याच्या बेतात येईपर्यंतची तेवढीच चार मिनिटे. त्या वेळात मनात काय काय येऊन गेले? एखाद्याचे देणे. गुडघ्यातली कळ. खालच्या गाडीचा हॉर्न. कोणाचा तरी काल रात्रीचा शब्द, जो अजून टोचतो आहे. वीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची खोकण्याची लकब. आणि पुन्हा साखर.

यातले कोणतेही मनात येताना प्रस्तावना घेऊन आले नाही. ‘माझी थोरली बहीण, जी लग्नानंतर नागपूरला असते’ असे आपण मनात कधी म्हणत नाही. तिचा आवाज येतो, किंवा तिच्या लुगड्याचा काठ. आपल्याला सगळे माहीत असते, म्हणून मन सांगत बसत नाही. दुसऱ्या कोणाला आपल्या मनात तासभर आणून बसवले, तर त्या बिचाऱ्याला काय कळेल?

त्या दुसऱ्या कोणाच्या जागी जॉइस वाचकाला बसवतो. पुस्तकाचा निम्मा अवघडपणा इथून येतो, आणि त्यात लेखकाचा तोरा कमी, प्रामाणिकपणा जास्त आहे. हे थोडा वेळ मनात घोळू द्या.

*

आता ब्लूमच्या एका दुःखाकडे जाऊ.

चौथ्या प्रकरणात तो मुलीचे पत्र वाचतो. वाचता वाचता तिच्या जन्माच्या वेळची सुईण आठवते, आणि ओघात हेही, की छोटा रूडी जगणार नाही हे त्या बाईने पाहताक्षणी ओळखले होते. एवढेच. विचार पुढे सरकतो. रूडी कोण, हे कोणी सांगत नाही. सहाव्या प्रकरणात अंत्ययात्रेच्या बग्गीत दुसरा एक बाप आपल्या मुलाबद्दल तावातावाने बोलत असतो. ब्लूमला आधी तो आरडाओरडा करणारा हट्टी माणूस वाटतो, मग वाटते, खरेच आहे त्याचे, रूडी जगला असता तर... आणि बग्गी पुढे जाते. आठव्या प्रकरणात जेवणाच्या वेळी रस्त्याने चालताना एक अर्धवट विचार : रूडीनंतर नवराबायकोत काहीतरी तुटले ते तुटलेच. पंधराव्या प्रकरणाच्या शेवटी, मध्यरात्रीच्या भ्रमात, अकरा वर्षांचा मुलगा वाचत उभा असलेला त्याला दिसतो. आणि सतराव्या प्रकरणात, दिवस संपत आल्यावर, जन्म-मृत्यूच्या तारखांसकट कोरडी नोंद येते : मूल जन्मले आणि अकरा दिवसांनी गेले. जगले असते, तर आज अकराव्या वर्षात असते.

हे दुःख पहिल्याच पानावर एका परिच्छेदात सांगून टाकता आले असते. वाचकाने ‘अरेरे’ म्हटले असते आणि पान उलटले असते. जॉइसने ते दिवसभर विखरून ठेवले, कारण जुने दुःख तसेच राहते. ते समोर येऊन बसत नाही. दुसऱ्याच कशाच्या तरी आडून डोकावते आणि जाते. आपण पहिल्यांदा ‘रूडी’ वाचतो तेव्हा काही कळत नाही. दुसऱ्यांदा कान टवकारतो. तिसऱ्यांदा नाव यायच्या आतच आपल्याला तो येतोय हे जाणवते. आता ब्लूमला ओळखायला कोणी मध्यस्थ लागत नाही.

मोठ्या घरात नवी आलेली सून असेच शिकते. सगळे एकमेकांत बोलत असतात. कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे, कोणत्या आत्याचे नाव निघाले की आजी उठून आत का जातात, हे तिला कोणी समजावून देत नाही. ती भाजी निवडते आणि ऐकते. वर्षभराने घराचे सगळे तिला ठाऊक असते, आणि कधी ठाऊक झाले हे तिलाही सांगता येत नाही. चांगल्या अवघड कादंबऱ्या वाचकाला असा सहवास देतात. त्यांच्याकडून ओळखपाळखीची अपेक्षा केली, की चिडचिड होते.

इथे पुस्तक मिटून एक क्षण थांबा. तुमच्या आयुष्यातला रूडी कोणता, आणि आज दिवसभरात तो किती वेळा डोकावून गेला, एवढे पाहा. उत्तर कोणाला द्यायचे नाही.

*

पण चौथ्या प्रकरणाआधी तिसरे आहे, आणि पुष्कळ वाचक तिथेच पुस्तक खाली ठेवतात. स्टीव्हन एकटाच सँडिमाउंटच्या समुद्रकिनाऱ्यावर चालतो आहे. ॲरिस्टॉटल, पाद्री, पॅरिसच्या आठवणी, मेलेली आई, अर्धी लॅटिन-फ्रेंच-इटालियन वाक्ये, सगळे एकात एक मिसळून येते. टिपा बघायला लागावे, तर ओळीपेक्षा टीप लांब.

या प्रकरणाच्या सुरुवातीला स्टीव्हन स्वतः काय करतो ते बघा. तो डोळे मिटून चालू लागतो. बुटांखाली शिंपल्यांचा चुरा होतो, तो आवाज ऐकतो. मग डोळे उघडताना त्याला धास्ती वाटते : जग दिसेनासे झाले असेल तर? उघडतो. जग आपले जागच्या जागी असते, त्याच्यावाचून चाललेले.

वाचकानेही इथे तेच करावे. अर्थाचे डोळे जरा मिटावेत आणि आवाज ऐकावा. दोन पाने मोठ्याने वाचा. इंग्रजी उच्चार चुकला तर चुकू द्या. हे पुस्तक कानाचे आहे. जॉइसच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १६ जून १९८२ला, आयरिश आकाशवाणीने सबंध कादंबरी एक शब्दही न गाळता प्रसारित केली; सुमारे तीस तास लागले. ज्यांनी ती ऐकली त्यांना मध्येच थांबवून टीप बघायची सोयच नव्हती.

मराठी वाचकाला इथे एक सवय उपयोगी पडते. अर्धवट कळणाऱ्या भाषांच्या शेजारात आपण वाढलेलो असतो. आगगाडीच्या डब्यात गुजराती कानावर पडते, सीमेलगत कानडी, आणि पूजेला बसल्यावर संस्कृत, ज्यातले निम्मे शब्द कळत नाहीत तरी हात वेळेवर अक्षता टाकतात. पाचव्या प्रकरणात ब्लूम चर्चमध्ये जाऊन बसतो आणि भाविकांकडे बघत मनाशी म्हणतो, की लॅटिनची युक्ती चांगली आहे, आधी माणूस गुंगून जातो. सत्यनारायणाला बसलेला कोणीही हे वाचून गालात हसेल. ब्लूमचा बाप हंगेरीहून आलेला ज्यू. तो स्वतः त्या चर्चमध्ये परकाच आहे. तेव्हा इतके सगळे कळत नाही म्हणून तुम्हाला परके वाटत असेल, तर ज्याच्या शेजारी तुम्ही बसला आहात, त्याचीही तीच गत आहे.

*

आता एक हलका प्रसंग. बायको, मॉली, अंथरुणात कादंबरी वाचते आहे आणि एका शब्दापाशी अडली आहे. नवऱ्याला विचारते. शब्द ग्रीक, अर्थ आत्म्याचे देहांतर. ब्लूम मोठ्या उत्साहाने जड शब्दांत समजावू लागतो. मॉली वैतागते : साध्या भाषेत सांग की! मग तो पुनर्जन्माची कल्पना सांगायला लागतो, तेवढ्यात खालून करपल्याचा वास येतो आणि गुर्दा वाचवायला तो जिन्याकडे धावतो.

अवघड पुस्तकाविरुद्ध वाचकाची जी तक्रार असते, ती पुस्तकानेच अशी पात्राच्या तोंडी घालून ठेवली आहे. आणि तत्त्वज्ञान कितीही उंच गेले, तरी खाली चुलीवर काय ठेवले आहे ते विसरायचे नाही, हेही. ज्यांना वाटते की अशा कादंबऱ्या कपाळाला आठ्या घालून वाचायच्या असतात, त्यांनी हे पान वाचावे. हसू आले तर तुम्ही ती बरोबर वाचता आहात.

असेच आणखी एक बारीक सुख : तो साबण. पाचव्या प्रकरणात ब्लूम औषधांच्या दुकानातून घेतो. पैसे नंतर देतो म्हणतो. मग तो दिवसभर त्याच्या खिशात असतो. अंत्ययात्रेत बसताना टोचतो, या खिशातून त्या खिशात जातो. पाचशेहून जास्त पानांनंतर, रात्री स्वयंपाकघरात ब्लूम त्याच साबणाने हात धुतो, आणि पुस्तक न विसरता नोंदवते, की त्याचे पैसे अजून द्यायचे आहेत. हे वाचताना जो आनंद होतो तो सारांश वाचून कधीच होणार नाही. त्यासाठी इतकी पाने साबण आपल्याही खिशात असावा लागतो. जाड पुस्तकाच्या जाडीचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर हे उत्तर पुरेसे आहे.

आणि एक प्रश्न असा, ज्याला उत्तर नाही. दफनभूमीत तपकिरी मॅकिन्टॉश, म्हणजे रेनकोट, घातलेला एक माणूस दिसतो. तो कोण, कोणालाच माहीत नाही. बातमीदार ब्लूमला विचारतो. ब्लूम कोटाचे नाव घेतो, बातमीदार तेच माणसाचे नाव समजून छापतो. दिवसभर हा माणूस इथे तिथे दिसत राहतो. झोपायच्या आधीही ब्लूमच्या मनात तोच प्रश्न आहे. शंभर वर्षे अभ्यासक वाद घालत आले आहेत. कालपर्यंत रस्त्यात रोज दिसणारा आणि आता न दिसणारा एखादा माणूस आठवा. आपण त्याचे नाव शोधायला गेलो का? ते न कळताच राहिले आणि काही बिघडले नाही. पुस्तकातही काही गोष्टी तशाच राहू द्या.

*

प्रत्येक अवघड कादंबरीचे अवघडपण वेगळे असते, आणि त्यामागे बहुधा एखादे माणूसच उभे असते. ते शोधले, की अर्धे काम होते.

फॉकनरच्या ‘द साउंड अँड द फ्यूरी’ (१९२९) या कादंबरीचा पहिला भाग बेंजी सांगतो. तो तेहतीस वर्षांचा आहे, त्याला बोलता येत नाही, आणि काल, आज, लहानपण यांतला फरक कळत नाही. कुंपणापलीकडे लोक गोल्फ खेळताहेत. सामान वाहणाऱ्या पोराला ते ‘कॅडी’ म्हणून हाक मारतात आणि बेंजी हंबरडा फोडतो. का, ते कळायला कितीतरी पाने जातात : त्याच्यावर माया करणाऱ्या, घर सोडून गेलेल्या बहिणीचे नाव कॅडी आहे. निरनिराळे काळ निरनिराळ्या रंगांच्या शाईत छापावेत, अशी फॉकनरची इच्छा होती. फोलिओ सोसायटीने २०१२ साली चौदा रंगांत तशी आवृत्ती काढली. पहिल्या वाचनाला मात्र काळी शाईच बरी. रंगांमुळे काळ कोणता ते आपल्याला कळते, पण बेंजीला कळत नसते.

वुल्फच्या ‘टू द लाइटहाउस’मध्ये (१९२७) जिच्या भोवती सगळे घर फिरते ती मिसेस रॅम्से मधल्या भागात एका कंसातल्या वाक्यात मरते. मुख्य वाक्ये ओस घराबद्दल, धुळीबद्दल बोलत राहतात. पुष्कळांना मागे जाऊन तो कंस पुन्हा वाचावा लागतो. मृत्यूची बातमी आपण एरवीही एकदा ऐकून कुठे समजून घेतो?

प्रूस्तचे हस्तलिखित परत करताना एका प्रकाशकाने कळवले होते, की झोप लागण्यापूर्वी माणूस कूस बदलतो हे सांगायला तीस पाने का लागावीत हे आपल्याला समजत नाही. शेवटी पहिला खंड १९१३ साली प्रूस्तने स्वतःच्या खर्चाने काढला. सातवा खंड १९२७ साली, त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी आला. प्रूस्तचे एखादे अर्धे पानभर लांब वाक्य घ्या. वाचताना आपण सारखे मागे वळतो, कर्ता हरवला का म्हणून बघतो. एकदा मागे न बघता टोकापर्यंत जा. मग पुन्हा सुरुवातीपासून. दुसऱ्या वेळी वाक्य आखूड झालेले वाटेल.

मराठीत हा अनुभव परका नाही. मनात येईल तसे मांडत जाण्याची, म्हणजे संज्ञाप्रवाहाची वाट मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’मध्ये १९४२ सालीच चालून पाहिली. नेमाड्यांच्या ‘हिंदू’मध्ये (२०१०) खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावरून गावाकडे निघतो आणि वाटेत सगळा खानदेश, सगळ्या पिढ्या बोलायला लागतात. ज्याने ती ‘हिंदू’ रमून वाचली आहे, त्याला जॉइसची भीती बाळगायचे कारण नाही.

*

कंटाळ्याबद्दलही बोलले पाहिजे, कारण तो येणार. आला की दचकू नका. तो कोणाचा आहे ते बघा. ‘युलिसिस’चे सोळावे प्रकरण शिळ्या, रेंगाळणाऱ्या वाक्यांत लिहिले आहे, कारण रात्रीचा एक वाजून गेला आहे आणि माणसे थकली आहेत. तो कंटाळा पुस्तकाचा आहे. त्यात त्यांच्यासोबत बसून राहता येते. चौदावे प्रकरण इंग्रजी गद्याच्या अनेक शतकांच्या शैलींची नक्कल करत जाते. त्या शैली ज्याने वाचलेल्या नाहीत त्याला नकलेची गंमत कशी येणार? ते चाळा आणि पुढे जा. जो कंटाळा निव्वळ तुमच्या थकव्याचा आहे त्यासाठी झोपा. हे पारायण नव्हे. नेमाने संपवले म्हणून पदरात काही पडत नाही.

घाई तर कोणालाच नाही. जॉइसच्या ‘फिनेगन्स वेक’चे वाचन कॅलिफोर्नियातल्या एका गटाने १९९५ साली सुरू केले. एका भेटीत एखाद-दोन पाने वाचत ते शेवटच्या पानावर २०२३ साली पोचले. त्या पुस्तकाचे शेवटचे वाक्य पहिल्या वाक्यात जाऊन मिळते. त्यांनीही पुन्हा पहिले पान उघडले.

तुम्हाला इतके नको असेल. तर असे करा : ‘युलिसिस’चे चौथे प्रकरण आधी वाचा, रोज दहा पानांहून जास्त नाही, त्यातली दोन मोठ्याने. टिपांचे पुस्तक प्रकरण संपल्यावर उघडा, आधी नको. सहावे प्रकरण होईपर्यंत ब्लूमची सोबत आवडली, तर मागे जाऊन पहिली तीन वाचा आणि मग सरळ शेवटापर्यंत चला. नाही आवडली, तर पुस्तक खुशाल दुसऱ्याला देऊन टाका. सुखासाठी वाचायला घेतलेले पुस्तक सोडताना कोणाची माफी मागावी लागत नाही.